पहाटे साडेपाचला निघणारी सेडान

माझ्या वडिलांचे डायलिसिस मंगळवार, गुरुवार आणि शनिवार या तीन दिवशी सकाळी साडेसहाला सुरू होते. यंत्रावर चार तास लागतात, त्याच यंत्रावर पुढच्या रुग्णाची वेळ आधीच ठरलेली असते, आणि त्यामुळे आम्ही अर्धा तास उशिरा पोहोचलो तर तो अर्धा तास वडिलांच्या उपचारातूनच वजा होतो. गाडीची विश्वासार्हता या शब्दाला आमच्या घरात जो अर्थ आहे, तो या वेळापत्रकातून आलेला आहे.

दीड वर्षापूर्वीपर्यंत आमच्याकडे एका नामांकित कंपनीची आलिशान सेडान होती आणि ती मी आठ वर्षे मनापासून चालवली. शेवटच्या वर्षी तिच्या गिअरबॉक्सच्या नियंत्रण यंत्रणेत दोष निर्माण झाला. गाडी चालता चालता अचानक स्वसंरक्षणाच्या अवस्थेत, म्हणजे गॅरेजच्या भाषेत ‘लिम्प मोड’मध्ये जाई आणि ठरावीक गिअरच्या पुढे सरकत नसे. दोनदा दुरुस्ती झाल्यानंतर तिसऱ्यांदा हे घडले, तेव्हा गुरुवार होता आणि वडील मागच्या सीटवर बसलेले होते. दुसरे वाहन येईपर्यंत आम्ही रस्त्याच्या कडेला चाळीस मिनिटे थांबलो. त्या वेळात वडील तक्रारीचा एकही शब्द बोलले नाहीत. त्यांनी मनगटावरचे घड्याळ काढून खिशात ठेवले, एवढेच. ती गाडी विकण्याचा निर्णय मी त्याच दिवशी घेतला. तिच्या जागी कोणती गाडी आणायची हे ठरवायला मात्र पाच महिने लागले, आणि ते पाच महिने कशात गेले हे सविस्तर लिहून ठेवावे असे मला वाटते.

प्रश्न वरवर पाहता सोपा होता. उपचारांच्या वेळा चुकवायच्या नसतील तर सर्वांत खात्रीची गाडी घ्यावी, असे कोणीही सांगितले असते आणि अनेकांनी ते सांगितलेही. परंतु गाडी चालवणे हा माझ्यासाठी केवळ प्रवास नव्हता. वडिलांना रुग्णालयात सोडल्यानंतर आणि त्यांना घ्यायला जाण्यापूर्वी जो मोकळा वेळ मिळे, त्यात शहराबाहेरच्या वळणावळणाच्या रस्त्यावर एक फेरी मारणे ही माझ्या आठवड्यातली एकमेव गोष्ट होती, जी मी निव्वळ स्वतःसाठी करत होतो. रुग्णाची सेवा वर्षानुवर्षे करणाऱ्या माणसाला असा एखादा कोपरा लागतो. त्यामुळे ‘मनाला भावणारी गाडी’ ही अपेक्षा चैनीची म्हणून बाजूला सारणे मला प्रामाणिकपणाचे वाटले नाही. ही गरजही खरी होती आणि तिला तिचे वजन द्यायला हवे होते.

नवी गाडी घ्यायची नाही, तीन-चार वर्षे वापरलेली घ्यायची, हे पहिल्या आठवड्यातच ठरले. आलिशान सेडानची किंमत पहिल्या काही वर्षांतच सर्वाधिक घसरते, आणि ती घसरण दुसऱ्या कोणीतरी सोसलेली असणे आमच्या सोयीचे होते. या निर्णयामुळे विश्वासार्हतेचा प्रश्न मात्र अधिक धारदार झाला. यंत्राच्या आयुष्यात बिघाडांचे प्रमाण साधारणतः सुरुवातीला थोडे जास्त असते, मग बराच काळ कमी राहते आणि झीज वाढली की पुन्हा चढत जाते. तीन-चार वर्षांची गाडी मधल्या शांत टप्प्यात असते, पण मी तिला आणखी सात-आठ वर्षे ठेवणार होतो, म्हणजे चढणीचा भाग माझ्याच वाट्याला येणार होता.

शेवटी तीन गाड्या समोर राहिल्या: अल्फा रोमिओची जुलिया, बीएमडब्ल्यूची सहा सिलिंडरची ३ सीरीज आणि टोयोटाच्या लेक्सस या आलिशान ब्रँडची ईएस ३००एच.

जुलियाबद्दल आधी लिहितो, कारण मन तिच्यावर जडले होते. १९६२ साली आलेल्या सेडानचे नाव पुन्हा धारण करून ही गाडी जून २०१५ मध्ये प्रथम लोकांसमोर आली. तिचे वजन पुढच्या आणि मागच्या चाकांवर जवळजवळ समसमान वाटलेले आहे, मागच्या चाकांकडे शक्ती नेणारा शाफ्ट कार्बन फायबरचा आहे आणि स्टिअरिंगचे गुणोत्तर ११.८ : १ इतके आहे. हा शेवटचा आकडा कागदावर कोरडा वाटतो. त्याचा अर्थ असा, की हातातले स्टिअरिंगचे चाक ११.८ अंश फिरवले की पुढची चाके एक अंश वळतात. बहुतेक सेडानमध्ये हेच काम करायला हात याहून बराच जास्त फिरवावा लागतो. प्रत्यक्षात वळणावर हात अगदी थोडा हलतो आणि गाडी विचार मनात येताक्षणी वळल्यासारखी वळते. स्टिअरिंगच्या मागे असलेल्या गिअर बदलण्याच्या ॲल्युमिनियमच्या लांब पट्ट्या चाकाबरोबर न फिरता स्तंभावर स्थिर असतात, त्यामुळे वळणाच्या मध्यावरही बोटांना त्यांची जागा शोधावी लागत नाही. पहिल्या चाचणीनंतर मी गाडी परत केली आणि घरी येऊन बराच वेळ काहीच बोललो नाही.

बीएमडब्ल्यूचे आकर्षण वेगळ्या जातीचे होते. एका रांगेत सहा सिलिंडर असलेल्या इंजिनात पिस्टनांच्या हालचाली एकमेकींच्या बळांना अशा रीतीने छेद देतात, की प्राथमिक आणि दुय्यम अशी दोन्ही बळे समतोल राहतात आणि त्यासाठी कंप शमवणारे वेगळे बॅलन्स शाफ्ट बसवावे लागत नाहीत. तो गुळगुळीतपणा इंजिनाच्या मूळ रचनेतूनच येतो. २०१५ मध्ये आलेले बी५८ हे इंजिन त्याच्या आधीच्या पिढ्यांपेक्षा अधिक मजबूत बांधणीचे आहे असे जाणकार सांगतात. २०१९ च्या टोयोटा सुप्रामध्येही हेच इंजिन बसवले गेले, ही गोष्ट मला बोलकी वाटली.

लेक्सस ईएसचा विचार सुरुवातीला मी केवळ कर्तव्य म्हणून केला. तिचे इंजिन अडीच लिटरचे, चार सिलिंडरचे. चाके पुढची फिरतात. आवाजात उत्साह नाही. पण तिची यंत्रणा समजून घ्यायला बसलो आणि आदर वाटू लागला. या संकरित, म्हणजे हायब्रिड रचनेत इंजिन आणि दोन विद्युत मोटरी एका ग्रहीय गिअरसंचाने जोडलेल्या असतात. या गिअरांचे दात कायम एकमेकांत गुंतलेले असतात. गिअर बदलण्यासाठी क्लच नाही, टॉर्क कन्व्हर्टर नाही. इंजिन सुरू करण्याचे काम यातलीच एक मोटर करते, म्हणून वेगळा स्टार्टर नाही. वीज याच मोटरी निर्माण करतात, म्हणून अल्टरनेटर नाही. पाण्याचा पंप आणि एसीचा कॉम्प्रेसर विजेवर चालतात, म्हणून त्यांना फिरवणारा पट्टाही नाही. वेग कमी करताना बराचसा भार मोटरी घेतात, त्यामुळे ब्रेकपॅडची झीज मंद होते. इंधन सिलिंडरमध्ये थेट आणि शिवाय व्हॉल्व्हच्या आधीच्या मार्गातही फवारले जाते, त्यामुळे केवळ थेट फवारणी असलेल्या इंजिनांत इनटेक व्हॉल्व्हवर जी काजळी साचते, तिचा प्रश्न येथे फारसा उरत नाही. हेच मूळ तत्त्व टोयोटाच्या १९९७ सालच्या प्रियस या हायब्रिड गाडीपासून सतत सुधारत आलेले आहे आणि जगभर टॅक्सी म्हणून रात्रंदिवस पळालेले आहे. जो भाग गाडीत नाहीच, तो बिघडत नाही, इतकी सरळ गोष्ट इतक्या विचारपूर्वक अमलात आणलेली मी प्रथमच पाहत होतो.

यानंतर मी सर्वेक्षणांकडे वळलो, आणि येथे मला सर्वांत जास्त शिकायला मिळाले. आपण ‘विश्वासार्हता’ असे एकवचनात म्हणतो, पण ती मोजणाऱ्या संस्था वेगवेगळ्या गोष्टी मोजतात. जे. डी. पॉवर या अमेरिकन संस्थेचे टिकाऊपणाचे सर्वेक्षण तीन वर्षे वयाच्या गाड्यांच्या मालकांना मागील बारा महिन्यांतील अडचणी विचारते आणि दर शंभर गाड्यांमागे किती अडचणी आल्या तो आकडा देते. त्यात डॅशबोर्डवरचा पडदा (स्क्रीन) आणि फोन यांच्या जोडणीच्या तक्रारींचा वाटा फार मोठा असतो. फोनचे ब्लूटूथ जुळले नाही ही एक अडचण आणि गिअरबॉक्स निकामी झाला हीही एक अडचण. जर्मनीतील ट्यूफ या वाहन तपासणी संस्थेचा अहवाल सक्तीच्या तपासणीत आढळलेल्या दोषांवर आधारलेला असतो. तेथे दिवे, ब्रेकच्या चकत्या, सस्पेन्शनचे सांधे यांना महत्त्व येते आणि जास्त पळालेल्या गाड्या साहजिकच मागे पडतात. त्याच देशातील एडीएसी ही वाहनचालकांची संघटना रस्त्यावर बंद पडलेल्या गाड्यांच्या मदतीला जाते आणि त्या नोंदींवरून आकडेवारी काढते. तिच्यात वर्षानुवर्षे बिघाडाचे सर्वांत मोठे कारण कोणते, तर बारा व्होल्टची साधी बॅटरी.

हे तीन अहवाल शेजारी ठेवून वाचल्यावर माझ्या लक्षात आले, की माझ्या घराला यांपैकी फक्त तिसऱ्या प्रकारच्या माहितीची गरज आहे. पडदा गोठला, सीटचा गरम करणारा भाग बंद पडला, दरवाज्याच्या रबराचा आवाज येऊ लागला, तर ते सगळे मी आनंदाने सहन करीन. पहाटे साडेपाचला गाडी सुरू झाली पाहिजे आणि साडेसहाच्या आत रुग्णालयाच्या दारात उभी राहिली पाहिजे. एकूण गुणांकात मागे असलेली एखादी गाडी या एका कसोटीवर उत्तम असू शकते, आणि याच्या उलटही घडू शकते. म्हणून मी गुणांक बाजूला ठेवले आणि प्रत्येक गाडीबद्दल एकच प्रश्न विचारायला सुरुवात केली: ही गाडी जाग्यावर उभी राहण्याची कारणे कोणती आणि ती किती दिवस उभी राहते?

प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग माझा नाही. तो एका मेकॅनिकने मला दिला, ज्यांनी आयुष्याची तीस वर्षे अशाच गाड्यांखाली काढली आहेत. मी त्यांच्याकडे तीनही गाड्यांची नावे घेऊन गेलो होतो आणि कोणती कमी बिघडते असे विचारत होतो. हात पुसत ते म्हणाले, “साहेब, बिघडते कधी हे विचारू नका, ते कोणीच सांगू शकत नाही. बिघडली की किती दिवस उभी राहते ते विचारा.” मग त्यांनी आवारातल्या एका देखण्या सेडानकडे बोट दाखवले. तिच्या दुरुस्तीचे काम दोन तासांचे होते आणि ती सहा आठवडे तेथे उभी होती, कारण एक छोटासा सुटा भाग यायचा होता. त्यांच्याकडून निघाल्यावर मी तीनही कंपन्यांच्या सेवा केंद्रांना फोन केले आणि तेच चार भाग विचारले: पुढचा लोअर आर्म, पाण्याचा पंप, एबीएसचे युनिट आणि दरवाज्याची काच वर-खाली करणारी यंत्रणा. प्रत्येक भाग किती दिवसांत मिळेल, एवढाच प्रश्न होता. उत्तरांतला फरक दिवसांचा नव्हता, आठवड्यांचा होता. ज्या गाडीचे चाहते पुष्कळ आणि मालक थोडे, तिचे भाग कपाटात पडून राहण्याचा धोका कोणताही व्यापारी पत्करत नाही. यात कोणाचा दोष नाही, पण परिणाम मालकालाच भोगावा लागतो.

वाढीव वॉरंटीचा विचारही मी पूर्ण केला आणि तिच्या अटींची छापील पाने दोनदा वाचली. बुश (सांध्यांतले रबरी भाग), रबर, पॅड यांसारखे झिजणारे भाग वगळलेले असतात, ठरलेल्या वेळी सर्व्हिस झाली नसेल तर दावा नाकारता येतो, हे अपेक्षित होतेच. मला अडवले ते वेगळ्याच गोष्टीने. वॉरंटी पैसे देते. ती गुरुवारची सकाळ परत देत नाही. ज्याच्या घरी दुसरी गाडी आहे किंवा ज्याची कामे एक दिवस पुढे ढकलता येतात, त्याने भावनेच्या बाजूने कौल दिला आणि वॉरंटी घेतली, तर तो निर्णय अगदी शहाणपणाचा ठरेल. माझी अडचण दुरुस्तीच्या खर्चाची कमी आणि वेळेची जास्त होती. हे कळण्यापूर्वी मी कित्येक रात्री केवळ खर्चाचे तक्ते मांडत बसलो होतो.

आता भावनेच्या बाजूची तपासणी बाकी होती, आणि ती विश्वासार्हतेपेक्षाही अवघड निघाली. पहिल्या चाचणीत प्रत्येक देखणी गाडी मोहात पाडते. नवखेपणा आणि आवड यांत त्या वेळी फरक करता येत नाही. म्हणून मी प्रत्येक गाडी तीनदा चालवायची असे ठरवले, त्याच रस्त्यावर, त्याच वेळी, मध्ये किमान आठवडाभराचे अंतर ठेवून, आणि टिपण त्याच दिवशी न लिहिता दुसऱ्या दिवशी सकाळी लिहायचे. रात्र गेल्यावर जे आठवते तेच टिकणारे, असा माझा अंदाज होता. या सवलतीसाठी विक्रेत्यांची बरीच मनधरणी करावी लागली, पण खरा ग्राहक आहे हे पटल्यावर त्यांनी सहकार्य केले.

जुलियाचे तिसरे टिपण पहिल्याइतकेच लांब होते. ही गोष्ट मी मुद्दाम नोंदवतो, कारण माझी आवड नवखेपणातून आलेली असावी अशी जी माझी आशा होती, ती खोटी ठरली. आवाजाचा उल्लेख दुसऱ्या टिपणातून गेला, आतल्या शिलाईचा आणि बाहेरच्या रेषांचा तिसऱ्यातून गेला, पण स्टिअरिंगबद्दलचा मजकूर वाढतच गेला. ती टिपणे वाचून पत्नीने विचारले, “या गाडीत तुला नेमके काय हवे आहे, ते एका वाक्यात सांगता येईल का?” मी दोन दिवस विचार केला आणि सांगितले, की वळणात शिरताना पहिल्या क्षणी हाताला जे कळते, ते. इंजिनाची ताकद मी कधी पूर्ण वापरलीच नव्हती. बोधचिन्हाचा मोह होता, पण तो वितळला होता. उरली होती ती हातात येणारी संवेदना, आणि ती खरी होती.

एवढे नेमके उत्तर मिळाल्यामुळे तुलनाही नेमकी करता आली. बीएमडब्ल्यूमध्ये त्या संवेदनेचा बराच भाग होता आणि इंजिनाचे सुख वेगळे होते. ती शेवटपर्यंत स्पर्धेत राहिली आणि माझी परिस्थिती थोडी वेगळी असती तर मी तीच घेतली असती. ईएसमध्ये ती संवेदना फार थोडी होती. स्टिअरिंग अचूक आहे, हलके आहे, पण रस्त्याबद्दल ते फारसे काही सांगत नाही. हे मी वडिलांसाठी, घरासाठी किंवा स्वतःच्या समाधानासाठी गोड करून लिहिणार नाही.

तिसऱ्या फेरीला मी वडिलांना बरोबर नेले. हे पहिल्याच फेरीला करायला हवे होते. डायलिसिसनंतर त्यांना थकवा येतो, कधी चक्कर येते, रक्तदाब खाली जातो. अशा माणसाला उंच गाडीत चढणे कठीण आणि फार खाली बसून पुन्हा उठणेही कठीण. एसयूव्ही आम्ही याच कारणाने आधी वगळली होती, कारण पायरी चढताना त्यांचा तोल जाई. जुलिया मुळात चालकासाठी आखलेली गाडी आहे. मागच्या दारातून आत जाताना त्यांना मान बरीच वाकवावी लागली आणि बसल्यावर गुडघे पुढच्या सीटला टेकले. ईएसच्या मागच्या दारातून ते आत गेले, बसले, पाय लांब केले आणि डोके मागे टेकून डोळे मिटले. दोन्ही गाड्यांच्या पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर पाहिले तर जुलियाचे २,८२० मिलिमीटर आणि ईएसचे २,८७० मिलिमीटर, म्हणजे फरक केवळ पाच सेंटिमीटरचा. पण ईएसमध्ये इंजिन आडवे बसवलेले आहे आणि शक्ती पुढच्या चाकांना जाते, त्यामुळे लांबीचा मोठा वाटा प्रवाशांना मिळतो. जुलियात इंजिन गाडीच्या लांबीच्या दिशेने बसवलेले आहे आणि मागे जाणाऱ्या शाफ्टसाठी मधोमध बोगदाही लागतो. ज्या रचनेने मला वळणावर आनंद दिला, तीच रचना वडिलांच्या गुडघ्यांची जागा घेत होती. बीएमडब्ल्यूच्या रुंद, कमी उंचीच्या आणि हवा गेली तरी चालणाऱ्या ताठ बाजूंच्या टायरांमुळे खड्ड्याचा धक्का त्यांच्या पाठीला जाणवला. त्यांनी तसे म्हटले नाही. आरशात त्यांच्या चेहऱ्यावर दिसले.

त्याच सुमारास मी लेक्ससच्या आरंभाची हकिकत वाचली आणि तिचा माझ्या निर्णयाशी संबंध आहे असे मला वाटते. १९८३ साली टोयोटाचे प्रमुख एइजी टोयोडा यांनी जगातल्या उत्तम गाड्यांच्या तोडीची गाडी करता येईल का, असा प्रश्न आपल्या लोकांपुढे ठेवला. मुख्य अभियंता इचिरो सुझुकी यांच्या देखरेखीखाली झालेली एलएस ४०० ही सेडान १९८९ मध्ये आली. गाडीच्या आतला आवाज जाड आच्छादनांनी दडपण्याऐवजी तो निर्माण होतो तेथेच कमी करावा, म्हणजे भागच अधिक अचूक घडवावेत, हा त्यांचा आग्रह होता. अचूक घडवलेला भाग कमी कंप पावतो, कमी झिजतो; शांतता आणि टिकाऊपणा येथे एकाच मुळातून आले. तरीही त्याच वर्षाच्या अखेरीस मोजक्या तक्रारींवरून सुमारे ८,००० गाड्या दुरुस्तीसाठी परत घ्याव्या लागल्या. कंपनीने गाड्या मालकांच्या घरून नेल्या, दुरुस्त केल्या, धुतल्या आणि तीनेक आठवड्यांत सगळे काम संपवले. मेकॅनिकचे वाक्य मला येथे पुन्हा आठवले. दोष त्या गाडीतही होता. ती उभी मात्र राहिली नाही.

ईएसच्या मागच्या सीटवर वडिलांनी डोळे मिटलेले पाहिले तेव्हाच निर्णय झाला होता, असे मी म्हटले तर ते ऐकायला बरे वाटेल, पण खरे नाही. त्यानंतरही तीन आठवडे मी जुलियाच्या जाहिराती पाहत होतो. एक गाडी जवळपास मनासारखी मिळालीही होती. शेवटी मी कागदावर दोनच ओळी लिहिल्या. जुलिया घेतली तर एखाद्या गुरुवारी काय होऊ शकते, ही पहिली. ईएस घेतली तर दर मंगळवारी, गुरुवारी आणि शनिवारी मला काय मिळणार नाही, ही दुसरी. पहिल्या ओळीतला तोटा क्वचित होणारा होता, पण तो वडिलांनी सोसायचा होता. दुसऱ्या ओळीतला तोटा नेमाने होणारा होता, पण तो माझा होता आणि मी तो स्वीकारू शकत होतो. दोन्ही तोटे एकाच तराजूत घालून त्यांची बेरीज-वजाबाकी करण्याची माझी जी धडपड पाच महिने चालली होती, ती चुकीची होती, कारण ते दोन वेगळ्या माणसांचे तोटे होते.

गाडी निवडल्यानंतर ती विशिष्ट गाडी पारखणे हे वेगळे काम असते आणि त्यात मी घाई केली नाही. विश्वासार्ह मॉडेलची दुर्लक्षित गाडी ही काळजीपूर्वक वापरलेल्या नाजूक गाडीपेक्षा वाईट असू शकते. मी चार ईएस पाहिल्या. पहिलीचे इंजिन मी पोहोचण्यापूर्वीच गरम करून ठेवलेले होते. बॉनेटला हात लावल्याबरोबर ते कळले आणि मी परतलो, कारण थंड इंजिन पहिल्यांदा सुरू होतानाच त्याचे खरे आवाज ऐकू येतात. दुसरीचे स्कॅनरवर एकही दोष दिसत नव्हते, पण गाडीच्या स्वतःच्या तपासण्या अपूर्ण दिसत होत्या, म्हणजे दोषांच्या नोंदी नुकत्याच पुसलेल्या असण्याची शक्यता होती. तिसरीच्या चार टायरांवर उत्पादनाचा आठवडा आणि वर्ष सांगणारे चार आकडे चार निराळे होते; जो मालक टायर असे बदलतो तो तेल कसे बदलत असेल, असा विचार करून मी तीही सोडली. चौथी गाडी त्या मेकॅनिकने रॅम्पवर घेतली, तासभर खालून पाहिली, सगळे बुश हाताने हलवून पाहिले, स्कॅनरवर मोटरींना वीज पुरवणाऱ्या मोठ्या बॅटरीच्या प्रत्येक गटाचा विद्युतदाब जुळतो का ते तपासले आणि मग सर्व्हिसच्या नोंदींवर बोट फिरवत म्हणाले, “ही घ्या.”

गाडी घरी येऊन आता वर्ष होईल. मी तिच्यासाठी एक वही ठेवली आहे. तिच्यात तेल बदलल्याच्या नोंदी आहेत, बारा व्होल्टची बॅटरी मी वाट न पाहता आधीच बदलली त्याची नोंद आहे, आणि पुढच्या सर्व्हिसला ब्रेकचे द्रव बदलायचे आहे अशी आठवण आहे. उपचाराची एकही वेळ गाडीमुळे चुकलेली नाही. पहाटे कळ दाबली की इंजिन सुरू होत नाही, फक्त डॅशबोर्डवर एक दिवा लागतो आणि गाडी विजेवरच अंगणातून बाहेर पडते. शेजारच्या घरातले कोणी जागे होत नाही. या शांततेवर माझा जीव जडेल असे मला तेव्हा वाटले नव्हते, पण तसे झाले आहे. वळणाच्या रस्त्यावरची फेरी मी अजूनही मारतो. हात मात्र अजूनही तो पहिला क्षण शोधतात, आणि तो तेथे नसतो.

मागच्या सीटच्या खाली बॅटरीला थंड हवा घेण्याची जाळी आहे. ती झाकली गेली तर बॅटरी तापते, म्हणून तिच्यामागचा फिल्टर मी वेळोवेळी साफ करतो. वडिलांना हे एकदाच समजावून सांगितले होते. तेव्हापासून ते गाडीत बसले की आपली कापडी पिशवी पायाशी न ठेवता मांडीवर घेतात, जाळीकडे एकदा वाकून पाहतात आणि मग म्हणतात, “चल, मोकळी आहे.”